दिनानाथकाकांचे राष्ट्राध्यक्ष

बोईसर स्टेशनातून बाहेर पडलं की रिक्षांच्या वर जेवढे चेहरे फ्लेक्सवरून हसताना दिसतात, त्यातला एकही बिनपदाचा नसतो. कोणी भावी, कोणी माजी, कोणी 'विभागीय सहसंघटक (प्रभारी)'. या गावात माणूस एक वेळ बेकार असेल, पण पदाविना राहणार नाही. तेव्हा इथे राहून इंद्रजीत सूर्यवंशी सरांनी पदांचा ध्यास घेतला यात नवल नव्हतं. नवल एवढंच, की तो ध्यास बोईसरच्या पदांचा नव्हता. सोव्हिएत संघाच्या पदांचा होता, आणि सोव्हिएत संघ मोडून तीस-पस्तीस वर्षं होत आली होती.

सर पालघरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत. त्यांच्या वर्गात ब्रेझनेव्हना नुसतं 'रशियाचे अध्यक्ष' म्हणून सुटता येत नसे. कोणत्या साली, हे आधी सांगावं लागे. सहासष्टपूर्वी असतील तर प्रथम सचिव, सरचिटणीस नव्हे. राष्ट्राध्यक्ष म्हणायचं तर साठनंतरची काही वर्षं आणि पुन्हा सत्त्याहत्तरपासून पुढं. मधल्या काळात म्हटलंत तर अर्धा गुण गेला. पंतप्रधान तर कधीच नाहीत, आणि पंतप्रधान हा शब्दसुद्धा नाही, 'मंत्रिमंडळाचे अध्यक्ष' म्हणा. मुलांना हे पचावं म्हणून सर सोसायटीचं उदाहरण देत. आपल्याकडे चेअरमन खुर्चीत बसतो आणि पगारी सेक्रेटरी चहा सांगतो. तिकडे उलटं होतं, सचिव मालक आणि अध्यक्ष हार घालून घेण्यापुरता. परीक्षेनंतर मुलांच्या डोक्यात अख्ख्या शीतयुद्धातलं एवढंच उरे.

एका दैनिकाने एकदा 'सोव्हिएत पंतप्रधान ब्रेझनेव्ह' असं छापलं, तेव्हा सरांनी पाठवलेला खुलासा संपादकांनी खरोखर प्रसिद्ध केला. आंब्याच्या लोणच्याला बुरशी लागू नये म्हणून काय करावं, त्या चौकटीच्या खाली.

याचं मूळ घरातच होतं. सरांचे वडील नागोराव नांदेडकडून तारापूरच्या एमआयडीसीत आले आणि एका रसायनाच्या कारखान्यात लागले. युनियनच्या खोलीत रशियाहून येणाऱ्या सचित्र मासिकांचे गठ्ठे पडलेले असत. कागद गुळगुळीत आणि जाड, त्यामुळे कामगारांच्या घरात त्याचा एकच उपयोग व्हायचा : मुलांच्या वह्यांना कव्हर. गणिताच्या वहीवर ट्रॅक्टर, भूगोलाच्या वहीवर पॉलिटब्यूरो. तास कंटाळवाणा झाला की इंद्रजीत कव्हरावरच्या फोटोखालची पदं वाचत बसे. आणि नागोराव हेल्पर म्हणून लागून ऑपरेटर म्हणून निवृत्त झाले होते. पण कारखान्यातले साहेब शेवटपर्यंत त्यांना हेल्परच समजत आले. कोणी अजून तसं म्हटलं की सर तिथल्या तिथे दुरुस्त करीत. ऑपरेटर. माणसाला त्याचं पद नीट द्यावं, यात चूक काय आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. चूक काहीच नव्हती.

तर, समिधा चुरी ही त्यांची तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, जवळच्या पाम गावची. तिच्या आजोबांचं, दिनानाथ चुरींचं, सहस्रचंद्रदर्शन होतं. वाडीतच मांडव घालायचा होता आणि दोन शब्द बोलायला शिकलेला माणूस हवा होता. सर, तुम्हीच या, समिधा म्हणाली, आजोबा रशियाला जाऊन आलेत.

सरांनी हातातला खडू खाली ठेवला.

"रशियाला की सोव्हिएत संघात?"

समिधाने जरा विचार केला. "विमानाने," ती म्हणाली.

मग तिने गोष्ट सांगितली. पामला ती शेंबड्या पोरालाही पाठ होती. चौऱ्याहत्तर साली सरकारने निरनिराळ्या जिल्ह्यांतले बागायतदार निवडून तिकडे पाठवले. इकडून जायचे होते ते वजनदार गृहस्थ ऐन वेळी काविळीने आडवे झाले, म्हणून तिशीतले दिनानाथ लग्नातला कोट घालून गेले. ताश्कंदच्याही पलीकडं कुठंतरी जर्दाळूच्या बागा होत्या. एके दिवशी तिथे मोटारी थांबल्या आणि एक माणूस उतरला. त्याने सगळ्यांशी हात मिळवले. पण दिनानाथचा हात मात्र सोडेना. उलटा करून तळव्याचे घट्टे पाहिले, शेजारी आपला तळवा धरला आणि दुभाष्याकडून सांगवलं की मीही माळ्याचाच मुलगा. मोटारी गेल्यावर दुभाष्या म्हणाला, हे प्रेसिडेंट होते. काही महिन्यांनी टपालाने फोटो आला.

तेव्हापासून पाम ते उमरोळी कोणी चिकूची नवी कलमं लावायला घेतली की पहिल्या कलमाला दिनानाथभाऊंचा हात लावून घेत. ज्या हाताला रशियाच्या राष्ट्राध्यक्षाचा हात लागला, तो हात. कलम त्यामुळे जगत असे असं कोणी छातीठोक म्हटलं नसतं, पण त्यांना न बोलावता लावलेलं जळालं की लोक एकमेकांकडे बघत. दिनानाथकाका धुतलेला सदरा घालून जात, रोपाला हात लावत आणि मग गोष्ट सांगत. गोष्ट झाल्याशिवाय चहा येत नसे.

सरांनी तो फोटो पाहिला तो कार्यक्रमाच्या दिवशीच, पडवीत, चहा निवेपर्यंत. जर्दाळूचं झाड, झाडाखाली दोन माणसं. एक सदऱ्याच्या बाह्या दुमडलेला, डोक्याला भरतकामाची टोपी. दुसरे दिनानाथ. त्या वर्षीचे सोव्हिएत राष्ट्राध्यक्ष सरांना चेहऱ्याने ठाऊक होते, भूगोलाच्या वहीवर वर्षभर होते. हे ते नव्हते. खाली मात्र रंगवलेलं होतं, 'रशियाच्या राष्ट्राध्यक्षांसमवेत', आणि मांडवाच्या तोंडाशी काकांच्या मुलाने, नीलेशने, लावलेल्या फ्लेक्सवर तेच हातभर अक्षरांत.

मग हा माणूस कोण, हे सरांनी तिथेच ठरवलं. एरवी ते उपसचिवाचं पदसुद्धा दोन पुस्तकांत पडताळून घेत. इथे त्यांना तपासायची गरज वाटली नाही.

भाषण छान सुरू झालं. सरांनी वाडीचं, वडीलधाऱ्यांचं, चिकूच्या गोडीचं कौतुक केलं. मग ते फोटोवर आले, आणि त्यांचा आवाज वर्गातला झाला. फोटोतले गृहस्थ राष्ट्राध्यक्ष नाहीत, ते म्हणाले, एका सामूहिक शेताचे प्रमुख आहेत. 'असावेत' हा शब्द त्यांच्या जिभेवर आला होता, तो त्यांनी गिळला. म्हणजे आपल्या भाषेत, ते म्हणाले, सोसायटीचे चेअरमन.

पहिल्या रांगेत बागायतदार सोसायटीचे चेअरमन धर्मेश पाटील बसले होते. ते उठून उभे राहिले, मांडवाला नमस्कार केला आणि म्हणाले, "घ्या. म्हणजे इतकी वर्षं माझाच हात धरला असता तरी चाललं असतं."

मांडव हसला. दिनानाथकाकाही हसले, जरा उशिरा. नीलेश फ्लेक्सकडे बघत राहिला. सरांनी समारोप केला, की याने काकांचं मोठेपण तसूभरही कमी होत नाही. हे वाक्य माणसं नेमकं कधी बोलतात, ते सगळ्यांना माहीत असतं.

दोन दिवसांनी सरांनी तो फोटो अर्चनाताईंना पाठवला. त्या सरांच्या जुन्या ओळखीच्या, पुण्याला रशियन शिकवून निवृत्त झालेल्या. शिकायला तिकडेच होत्या. सरांनी खाली लिहिलं, 'पामचे राष्ट्राध्यक्ष', आणि पुढे हसणारा पिवळा चेहरा टाकला. ताईंचा उलट फोनच आला.

"याला शेतप्रमुख कोण म्हणालं?"

सर म्हणाले, मीच.

ताईंनी शांतपणे सांगितलं. संघातल्या पंधरापैकी हा माणूस ज्या प्रजासत्ताकाचा, त्याच्या राजधानीत त्या हॉस्टेलवर राहिल्या होत्या आणि हा चेहरा त्यांच्या खानावळीत भिंतीवर टांगलेला असे. रोज त्याच्यासमोर बसून कोबी खाल्लाय. त्या प्रजासत्ताकाच्या सर्वोच्च सोव्हिएतच्या अध्यक्षमंडळाचे अध्यक्ष. घटनेप्रमाणे त्या प्रजासत्ताकाचे राष्ट्रप्रमुख. आणि संघाच्या अध्यक्षमंडळावर प्रत्येक प्रजासत्ताकाचा एक उपाध्यक्ष असे, तो तिथला हाच. आपली वर्तमानपत्रं अशांना प्रेसिडेंटच म्हणत आणि ते चूक नव्हतं. 'रशियाचे' एवढंच चूक.

"तू तपासलं नाहीस?" ताई म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, "तू?"

हा दुसरा 'तू' सरांच्या कानात बसला. फोन ठेवल्यावर त्यांनी फोटो पुन्हा मोठा करून पाहिला, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की पडवीत त्यांनी त्या टोपीवाल्याकडे नीट बघितलंच नव्हतं. त्यांनी दिनानाथकाकांकडे बघितलं होतं. खांद्यावरून उतरलेला कोट, मानेच्या शिरा, गुडघ्यापर्यंत लोंबणारे ते हात. आणि या माणसाशेजारी कोण उभा राहील, त्यावरून त्यांनी शेजारच्याचं पद लावून टाकलं. पामच्या वाडीवाल्याला भेटून भेटून भेटणार कोण? शेतप्रमुखच.

नागोरावांकडे बघून साहेब लोक असंच पद लावत. सर टेबलाशी बसून राहिले. रूपालीने, त्यांच्या बायकोने, विचारलं, कुणाचं काही झालं का. सर म्हणाले, नाही, काही नाही.

लगेच जायला हवं होतं. सर गेले नाहीत. त्यांनी समिधासाठी एक निरोप टाइप केला, त्यात 'अधिक संदर्भ तपासता' असे शब्द आले, ते त्यांचे त्यांनाच वाचवेनात, म्हणून पुसला. समिधा आता मागच्या बाकावर बसायला लागली होती. वर्गात ख्रुश्चेव्हचं पद चुकलं तरी सर दुरुस्त करत नव्हते, आणि मुलांना वाटलं सर आजारी आहेत. शेवटी एकदा त्यांनी तिला थांबवून विचारलं, आजोबा कसे आहेत. ती म्हणाली, बरे आहेत. मग म्हणाली, उमरोळीला विश्रामकाकांकडे कलमं होती, आजोबा गेले नाहीत. आता दुसऱ्या कोणालातरी बोलवा म्हणाले.

सर त्याच दुपारी पामला गेले.

दिनानाथकाका पडवीत होते. अंगणात सुका आणि दामू हे वाडीवरचे गडी चिकू निवडून क्रेटमध्ये भरत होते. काकांनी सरांचं स्वागत इतक्या आनंदाने केलं, की सरांना तिथूनच परतावंसं वाटलं.

"बघा सर, हे आता बरोबर हाय ना?" ते भिंतीकडे हात करून म्हणाले.

फोटोखालची जुनी पट्टी खरवडून नवी रंगवली होती. 'रशियाच्या सोसायटी चेअरमनसोबत'. अक्षर सुरेख होतं. पेंटर म्हणाला, अशी पाटी जन्मात रंगवली नाय, काका सांगत होते. पण मी म्हटलं सर शिकलेले हायत, आपल्याकडून लोकांना खोटं नको सांगायला.

सरांनी बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. चूक माझी झाली, ते म्हणाले. हे गृहस्थ शेतप्रमुख नव्हते. मग त्यांनी ते लांबलचक पद पूर्ण सांगितलं, प्रजासत्ताक, सर्वोच्च सोव्हिएत, अध्यक्षमंडळ, उपाध्यक्ष, सगळं. एकही शब्द चुकला नाही. आयुष्यात इतकं अचूक ते कधी बोलले नसतील.

दिनानाथकाकांनी सगळं ऐकून घेतलं आणि हळूच सरांच्या गुडघ्यावर थाप मारली.

"सर, तुमी मोठ्या मनाचे हायत. पण माझ्यासाठी तुमी वाकडं बोलू नका. तुमचं नाव खरं बोलण्यावरच चालतं."

नाही काका, खरंच. सरांनी अर्चनाताईंना फोन लावला आणि आवाज मोठा करून तो काकांपुढे धरला. ताईंनी खानावळीसकट सगळं सांगितलं. काका अधूनमधून 'हां मॅडम' म्हणत होते. फोन संपेपर्यंत आतून जयवंतीकाकू बाहेर आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "मॅडमबी चांगल्या दिसतात. तुमी सांगून ठेवलेलं असेल त्यांना."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मग त्या चहाचं बघायला वळल्या आणि दारातच थांबून म्हणाल्या, "तिकडून आल्यापासून हा माणूस जेवताना तीच गोष्ट सांगायचा. मी कंटाळलेली, खोटं कशाला बोलू. आता गपगुमान जेवतो. भाजीत मीठ नसलं तरी बोलत नाय."

काका म्हणाले, तू गप बस. पण बोलण्यात जोर नव्हता.

कॉलेजातून आलेली समिधा पायरीवर उभी होती. तिने पाठीवरची बॅगही उतरवली नव्हती. सरांना कळलं, की त्यांच्याकडे अजून एक पुरावा आहे. तो कुठल्या पुस्तकात नव्हता आणि ताईंकडेही नव्हता. तो नको म्हणूनच ते इतके दिवस आले नव्हते. आणि आल्यावरही, चूक झाली, चूक झाली एवढंच म्हणत होते. चूक कोणाकडूनही होते. ते सांगायला लाज वाटत नाही.

"काका," ते म्हणाले, "मी तपासलं नाही. मी सगळं तपासतो, हे हिला विचारा. तुमच्या वेळी तपासलं नाही, कारण मी फोटोत तुम्हाला बघितलं. तुमचा तो कोट बघितला. आणि मला वाटलं, या माणसाला राष्ट्रप्रमुख कशाला भेटेल. म्हणून मी त्यालाच खाली उतरवलं."

अंगणातला चिकूंचा आवाज थांबला. सुका हातात फळ धरून बघत होता. समिधा सरांकडे बघत नव्हती, स्वतःच्या चपलेकडे बघत होती. तिनं आपल्याकडे बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं सरांना वाटलं.

दिनानाथकाकांनी भिंतीवरच्या फोटोकडे एकदा बघितलं. मग त्यांनी मान डोलावली. चिकू दाबून तो पिकलाय हे कळल्यावर डोलावतात, तशी.

"हे खरं वाटतं," ते म्हणाले.

सर म्हणाले, हो.

"म्हंजे तुमी मला बघितलं नि ठरवलं."

"हो."

"कोट वाईट नव्हता," काका म्हणाले. "माझाच होता."

"हो काका."

जयवंतीकाकूंनी चहा आणला, सगळ्यांना दिला आणि सरांचा कप शेवटी ठेवला. काकांनी बशीत ओतून घेतला, पण प्यायला नाही. ते सरळ होऊन बसले होते. सरांच्या लक्षात आलं, की आल्यापासून काका पाठ टेकून बसले होते, आणि आता टेकलेले नव्हते.

"ते पद परत सांगा बरं. सावकाश."

सरांनी सांगितलं. काकांनी ते त्यांच्यामागून म्हटलं. 'अध्यक्षमंडळाचे अध्यक्ष' जिभेवर बसायला वेळ लागला, 'सर्वोच्च' लगेच बसला. मग त्यांनी अंगणाकडे तोंड केलं.

"सुका, दामू, इकडं या जरा. हात पुसून या."

दोघे पडवीच्या कडेला येऊन टेकले. त्यांनी ही गोष्ट किती वेळा ऐकली असेल देव जाणे, तरी नवी असल्यासारखी ऐकली. कावीळ आली, विमान आलं, जर्दाळू आले, मोटारी थांबल्या. काकांचा आवाज चढत गेला, आणि आतल्या खोलीत जयवंतीकाकूंनी भांडी जरा हळू वाजवायला घेतली. माणूस उतरला. त्याचं पद काकांनी पूर्ण म्हटलं, न अडखळता. हात धरला. तळवा पाहिला. मीही माळ्याचाच मुलगा.

इथे गोष्ट आजवर संपत असे. सर उठायच्या बेतात होते. पण काका थांबले नाहीत. मग पुढं काय झालं, ते म्हणाले, का आमच्या नातीच्या कॉलेजातले एक सर आले. लई शिकलेले. रशियातला प्रत्येक साहेब त्यांना तोंडपाठ. त्यांनी हा फोटो बघितला, नि त्यांना वाटलं... आणि काका सरांकडे वळले.

"इथं तुमाला काय वाटलं ते तुमीच सांगा. माझ्याकडून इकडचं तिकडं होईल."

सरांनी सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते सोपं जाईल असा त्यांचा समज होता. सुका म्हणाला, "अरेरे." सरांसाठी की काकांसाठी, ते त्याने स्पष्ट केलं नाही. दामूने विचारलं, मग पाटी परत रंगवायची का. काका म्हणाले, रंगवायची, सर लिहून देतील, पेंटरला जागा पुरली पाहिजे एवढंच.

निघताना काका फाटकापर्यंत आले. सरांनी बाइकला किल्ली लावली. काकांच्या चेहऱ्यावर राग कुठेच नव्हता. सरांनी तो शोधून पाहिला. सापडला असता तर त्यांना आधार वाटला असता.

"रविवारी विश्रामकडं जायचंय, उमरोळीला," काका म्हणाले. "त्याची कलमं अजून माझ्यासाठी ठेवलीत. तुमीबी या. गोष्ट आता मला एकट्याला पुरी होणार नाय."

इंद्रजीत सर रविवारी उमरोळीला गेले. काकांनी पहिल्या कलमाला हात लावला, गोष्ट सुरू केली, आणि जागा आल्यावर सरांकडे पाहिलं. सरांनी उभं राहून आपला भाग सांगितला. मग चहा आला. पुढच्या आठवड्यात पामलाच बुधाच्या वाडीत कलमं लावणं होतं, तिथेही ते गेले. तिथे नव्याने आलेल्या एका पाहुण्याने विचारलं, हे कोण. सर मनातल्या मनात सांगू लागले, सहयोगी प्राध्यापक, इतिहास विभाग. पण विश्राम, जो आता गोष्टीसाठी म्हणून मुद्दाम आला होता, तो त्यांच्या आधी बोलला.

"हेच ते," तो म्हणाला.

पाहुण्याने समजल्यासारखी मान हलवली, आणि सरांनी ते दुरुस्त केलं नाही.